नळदुर्गाचे पाणी कोणाचे?

आमच्या धाराशिव जिल्ह्यात दिवाळीला दिव्याइतकाच मान पाण्याला आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अजून तांबडे फुटलेले नसताना, आजी अंगणातल्या विहिरीत वाकून पाहायची. पाणी किती हातावर आहे याचा अंदाज घ्यायची, आणि मगच बंब पेटवायला सांगायची. "औंदा होळीपातुर जाईल," एवढे तिने म्हटले की घरातली मोठी माणसे मोकळेपणाने उटणे लावून घेत. ज्या वर्षी ती काही बोलत नसे, त्या वर्षी एका तांब्यात दोघांचे अभ्यंगस्नान उरकत असे. बालाघाटाच्या डोंगरांत आणि काळ्या कातळावर वसलेल्या या मुलखात पाऊस येतो तो पाहुण्यासारखा. पाहुणचार नीट झाला नाही तर मुक्काम न करता निघून जाणारा. म्हणून त्याला थांबवून कसे घ्यावे, याचा विचार आमच्याकडे फार पूर्वीपासून झालेला आहे. त्या विचाराचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे नळदुर्गचा पाणीमहाल.

मागे एका चांगल्या पावसाळ्यात मी शाळेतल्या मुलांना घेऊन नळदुर्गास गेलो होतो. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले की पाऊण-एक तासात बोरी नदी लागते आणि तिच्या काठावर काळ्या दगडाचा हा भला थोरला भुईकोट दिसू लागतो. नळराजाने तो वसवला अशी दंतकथा आहे, आणि दमयंतीवाचून नळाची कथा पुरी होत नसल्यामुळे तीही या गावच्या गप्पांत असतेच. इतिहासाला मात्र येथे कल्याणीचे चालुक्य, बहामनी सुलतान आणि त्यांच्यामागून विजापूरचे आदिलशहा दिसतात. मुलांनी उपळी बुरुजावर चढून हत्ती तोफ आणि मगर तोफ पाहिली, तोफेच्या तोंडात हात घालून झाले, एकमेकांवर आरडाओरडा करून झाला. मग आम्ही बंधाऱ्यावर आलो आणि सगळा वर्ग आपोआप गप्प झाला.

मुख्य किल्ला आणि समोरचा धाकटा किल्ला, ज्याला रणमंडळ म्हणतात, या दोहोंना जोडणारा हा बंधारा. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने तो बांधविला. हा सुलतान १५८० पासून १६२७ पर्यंत विजापुरास राज्य करीत होता. संगीताचा मोठा षौकी, 'किताब-ए-नवरस' या ग्रंथाचा कर्ता. बांधकामावरच्या फारसी शिलालेखात हिजरी १०२२, म्हणजे आपले १६१३ हे साल मिळते. बोरीचे पाणी वळवून किल्ल्याशी आणले, ते अडविले, आणि अडविणाऱ्या भिंतीच्याच पोटात एक महाल कोरल्यासारखा बसविला. जिन्याने खाली उतरून गेले की छोटीशी दालने आणि खिडक्या लागतात. डोक्यावर नदी, पाठीशी साठलेले पाणी, आणि नदी भरून वाहू लागली की खिडकीसमोर पाण्याचा पडदा. ओलाव्याचा थेंबही आत येत नाही असे सांगतात. आम्ही गेलो त्या दिवशी भिंतीवर मुलांचे ओले हात मात्र पुष्कळ उमटले.

पाणी पडते ते दोन सांडव्यांवरून. मोठ्या धारेला 'नर' आणि धाकटीला 'मादी' अशी नावे लोकांनी ठेवली आहेत. पर्यटक ते पाहावयास येतात ते शोभेसाठी. पण सांडवा ही बंधाऱ्याची शोभा नव्हे, त्याची अक्कल आहे. पाण्याने अमुक उंचीपर्यंत थांबावे, त्यावर आलेल्याने मुकाट्याने पुढे जावे, हा नियम बांधणाराने दगडात लिहून ठेवला आहे. किल्ल्याला खंदकासाठी, पिण्यासाठी पाणी हवे. पण हव्यासापायी जास्त अडविले तर पहिल्याच महापुरात भिंत जाईल. आणि खालच्या गावांनाही नदी हवीच. मी मुलांना म्हटले, "बाळांनो, हा चारशे वर्षांचा परवाना आहे. पाण्याला किती ठेवायचे आणि किती सोडायचे याचा."

त्यावर एका चुणचुणीत मुलीने विचारले, "गुरुजी, मग हे पाणी कोणाचं?"

मी "सरकारचे" म्हणून वेळ मारून नेली. परंतु ते उत्तर माझ्याच गळी उतरेना. परतताना एस.टी.त बसल्यावर तोच प्रश्न डोक्यात घुमत राहिला, आणि पुढे महिनोन्‌महिने मी त्याच्या मागे लागलो. जे हाती आले ते या दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

पाणी कोणाचे, हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सेतू, म्हणजे बांध आणि तळी, यांविषयी बारीकसारीक नियम आहेत. नवे तळे बांधणाऱ्याला पाच वर्षे करमाफी, मोडकळीस आलेले दुरुस्त करणाऱ्याला चार वर्षे, आणि झाडोऱ्याने भरलेले साफ करणाऱ्याला तीन वर्षे. दुसऱ्याचे पाणी अडविणाऱ्याला किंवा भलत्या वाटेने सोडणाऱ्याला दंड. शिवशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांनीही गड बांधण्याआधी त्या जागेचे पाणी पाहावे, असा दंडक आपल्या 'आज्ञापत्रा'त घालून दिला. या सर्वांना पाण्याची कणव होती म्हणून त्यांनी हे केले असे समजण्याचे कारण नाही. पाणी गेले तर महसूल जातो, आणि किल्ला वेढ्यात तहानेने पडतो, हे त्यांना दिसत होते. ज्याचा उपयोग राज्याला डोळ्यांनी दिसतो, त्याची राज्य काळजी घेते. न दिसणाऱ्या उपयोगाचे काय, हा खरा प्रश्न आहे, आणि तो पुढे यायचा आहे.

१६८६ मध्ये आदिलशाही बुडाली आणि नळदुर्ग मोगलांकडे, त्यांच्याकडून हैदराबादच्या निजामाकडे गेला. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी काही मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला, त्यात नळदुर्ग जिल्हा होता. आमचा सगळा जिल्हा तेव्हा नळदुर्गच्याच नावाने ओळखला जाई. तेथे कारभार पाहावयास आला फिलिप मेडोज टेलर. हा गृहस्थ आम्हा कादंबरी लिहिणाऱ्यांच्या बिरादरीतला. ठगांच्या हकीकतीवर १८३९ मध्ये त्याने लिहिलेली कादंबरी विलायतेत गाजली होती, आणि पुढे १८६३ मध्ये तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरची 'तारा' त्याने लिहिली. नळदुर्गास असताना तो किल्ल्यातल्या बंगल्यात राहत असे. भोवताली तळी, बंधारे, धबधबा. लेखकाला याहून काय हवे? पण हा लेखक होता तसाच कारभारीही होता, आणि जिल्ह्याच्या जमिनीची मोजणी हे त्याच्या कामांतले एक मोठे काम होते.

मोजणीचे हे युग दख्खनेत त्याआधी थोडेच सुरू झाले होते. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी पद्धत घालून दिली: शेत मोजा, मातीची प्रत ठरवा, त्यावर सारा बसवा. पद्धत मोठी शिस्तीची. पण प्रत्येक शेताच्या पोटात जे पिकत नाही, खडक, ओढा, पाणी साचणारी खोलगट जागा, ते साऱ्यातून वजा करावे लागते. त्याला आमच्या महसुली भाषेत नाव मिळाले 'पोटखराब'. आजही सातबाऱ्यावर तो रकाना आहे. लागवडीला निरुपयोगी तो वर्ग 'अ', आणि रस्ता, लोकांच्या वापराचे तळे, ओढा अशा सार्वजनिक कामाच्या जागा तो वर्ग 'ब'.

वाचकहो, या शब्दापाशी क्षणभर थांबा. ज्या जागेत पावसाळ्याचे पाणी चार महिने बसते, हळूहळू कातळाच्या भेगांतून उतरते आणि उन्हाळ्यात शेजारच्या विहिरीला पाझरते. जिथे लव्हाळे आणि पाणकणीस गढूळ पाणी गाळून घेतात. जिथे बगळा, टिटवी, पाणकोंबडी नांदते, तिला कागदाने म्हटले 'खराब'. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. साऱ्याच्या तराजूत तिचे वजन शून्य भरत होते, इतकेच. पण शब्दाला स्वतःचा एक जीव असतो. दीडशे वर्षे ज्याला खराब म्हणावे, ते बुजवताना कोणाचा हात थरथरत नाही.

१८६० मध्ये नळदुर्ग निजामाकडे परत गेला. पुढे जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून येऊन याच बोरीच्या पुलावरून हैदराबादकडे सरकल्या. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि २०२३ मध्ये जिल्हा अधिकृतपणे धाराशिव झाला. राज्ये बदलली, नावे बदलली. सातबाऱ्यावरचा पोटखराब मात्र आपल्या जागी राहिला.

इकडे जगात एक निराळा विचार मूळ धरीत होता. इराणात कास्पियन समुद्राच्या काठी रामसर नावाचे गाव आहे. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तेथे काही देशांनी एकत्र येऊन पाणथळ जागा राखण्याचा करार केला. आरंभी त्यांच्या डोळ्यांपुढे होते ते मुख्यतः पाणपक्षी. देशांच्या सीमा ओलांडून येणाऱ्या पाखरांसाठी सगळ्या देशांनी मिळून जागा राखावी, ही कल्पना. पुढे ध्यानात आले की पाखरांचे घर म्हणजेच माणसाचा रांजण. भारत या करारात १९८२ मध्ये सामील झाला. कायद्याचे बोट मात्र फार उशिरा धरले. पाणथळ जागांचे पहिले नियम २०१० मध्ये आले. ते बदलून सप्टेंबर २०१७ मध्ये नवे नियम आले आणि अधिकार केंद्राकडून राज्यांकडे दिले गेले. प्रत्येक राज्यात पर्यावरणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण असावे, त्याने राज्यातल्या पाणथळ जागांची यादी करावी, प्रत्येकीची हद्द ठरवावी, आणि तेथे काय बंद, काय मर्यादेत चालेल व काय मोकळे, हे लिहून ठेवावे, अशी ही रचना आहे.

घरातल्या माणसाला समजेल असे सांगायचे तर, नियमांनी जाहीर झालेल्या जागेत पाच-सहा गोष्टी करता येत नाहीत. ती बुजवून दुसऱ्या कामाला लावता येत नाही. तेथे नवा कारखाना काढता येत नाही, की जुना वाढविता येत नाही. गावाचा कचरा टाकता येत नाही. गावाचे वा कारखान्याचे घाण पाणी तसेच सोडता येत नाही. शिकार करता येत नाही. आणि गेल्या दहा वर्षांतली सरासरी पूरपातळी धरून तिच्यापासून ५० मीटरांच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही. गुरांना पाणी पाजणे, मासे धरणे, शिंगाडे काढणे असल्या पिढीजात गोष्टींशी कायद्याचे वैर नाही. 'सुज्ञ उपयोग' हाच त्याचा मूळ शब्द आहे. इब्राहीम आदिलशहाच्या सांडव्याला ही भाषा सहज कळली असती.

आता हा नियम हातात घेऊन पुन्हा नळदुर्गाच्या बंधाऱ्यावर उभे राहू या. नियमांत 'पाणथळ' कशाला म्हणू नये याचीही एक यादी आहे. नदीचे पात्र नको. भातखाचरे नकोत. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम माणसाने बांधलेले जलाशय नकोत. या मुलखात निसर्गाचे सरोवर असे नाहीच. जे काही साचलेले पाणी आहे ते कोणीतरी, कधीतरी, कशासाठीतरी बांध घालून साठविलेले. मग शब्दाला शब्द लावून पाहिले, तर किल्ल्याभोवतीचे पाणी एकतर नदीचे पात्र ठरते, नाहीतर माणसाच्या हातचे काम. किल्ला राज्याचे संरक्षित स्मारक आहे. १९६० च्या कायद्याखाली त्याच्या बुरुजाचा चिरा कोणी हलवू शकत नाही. पाण्यात घाण सोडण्याविरुद्ध १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा आहे. परंतु पाण्याला पाणथळ म्हणून, त्याच्या काठच्या लव्हाळ्यासकट, पाझरासकट, पाखरांसकट जपणारा जो कायदा, तो व्याख्येच्या दारातच अडतो. दगड राखला जातो. ज्याच्यासाठी दगड रचले, त्याचे नाव वहीत कुठे घालावे हे ठरत नाही.

पण व्याख्या म्हणजे काही वज्रलेप नव्हे. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी नांदूर मध्यमेश्वर येथे इंग्रज सरकारने सिंचनासाठी दगडी बंधारा बांधला. हेही माणसाच्या हातचेच काम. वर्षानुवर्षे दोन नद्यांनी तेथे गाळ आणून टाकला. साठवण घटली, म्हणजे बांधणाऱ्यांच्या हिशेबाने तो धंदा तोट्याचाच झाला. पण त्या गाळात बेटे तयार झाली, वनस्पती रुजल्या, आणि हिवाळ्यात दूरदेशीची पाखरे उतरू लागली. डॉ. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. माणसाने बांधले म्हणून ते नाकारले गेले नाही, कारण तेथे काय आहे हे कोणीतरी वर्षानुवर्षे पाहत होते, मोजत होते, लिहीत होते.

याच्या उलट कहाणी विदर्भाची. भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाने बांधलेली शेकडो तळी आहेत. मालगुजारीच्या काळात त्यांची पाळ, पाट, गाळ यांची व्यवस्था गावातच होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, ती संपायलाच हवी होती. तळी सरकारजमा झाली आणि लोक त्यांना 'माजी मालगुजारी', थोडक्यात 'मामा तलाव' म्हणू लागले. मामा सरकारी झाला तशी भाच्यांची जाग कमी झाली. पुष्कळ तळी गाळाने आणि बेशरमीने भरली. मालकी स्पष्ट असली तरी राखणदार नसेल तर काय होते, ते तेथे पाहावे. आता काही गावांत मासेमारांनी आणि गावकऱ्यांनीच ती पुन्हा जिवंत करावयास घेतली आहेत, ही समाधानाची गोष्ट.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. आमच्या शाळेमागे एक डबके होते. तळे म्हणण्याइतके मोठे नव्हे. सव्वा एकराचे असेल. पावसाळ्यात म्हशी डुंबत, पोरे बेडूक धरीत, आणि मी सहावीच्या वर्गाला 'पाण्यातील वनस्पती' हा धडा त्याच्या काठावर शिकवीत असे. सात-आठ वर्षांमागे एका उन्हाळ्यात तेथे मुरमाच्या गाड्या येऊ लागल्या. सुट्टी संपून मी परतलो तेव्हा जागा सपाट होती आणि चुन्याने प्लॉट आखलेले होते. मी चौकशीला गेलो. ज्यांच्याकडे गेलो त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवले. सगळे शिक्के, सगळ्या सह्या. जागा पोटखराब. पाण्याचा उल्लेखच नाही. गावातले एक तात्या मला समजावून म्हणाले, "गुरुजी, पाणी हुतं हे तुमाला ठावं, आमाला ठावं. कागदाला ठावं न्हाई ना!"

परवानगी खोटी नव्हती, हेच मला अधिक लागले. जे लिहिलेच नव्हते ते बुजविण्याला परवानगी लागणार तरी कशी? पुढच्या फेब्रुवारीत शाळेचा हापसा कोरडा पडला. त्याआधी तो एप्रिलपर्यंत पाणी देत असे. डबक्याचा आणि हापशाचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही. आजी असती तर विहिरीत वाकून तिने सांगितला असता. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते आम्ही सर्वांनी पाहिले आहे. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर आणले. किती डबकी बुजली म्हणजे एक आगगाडी लागते, हा त्रैराशिकाचा हिशेब मला अजून सुटलेला नाही.

देशाच्या पातळीवर मोजणी झाली आहे. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागा नकाशावर आल्या, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमातील तत्त्वांप्रमाणे त्या राखाव्यात असा आदेश दिला. नंतरच्या मोजणीत हा आकडा २,३१,१९५ झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना त्या प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहण्यास व त्यांच्या हद्दी आखण्यास सांगितले. आकाशातून दिसलेले जमिनीवर येऊन तपासावे लागते, हे शहाणपण त्यात आहे. पण सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. आमचे सव्वा एकराचे डबके त्या चाळणीतून केव्हाच खाली पडले असते. त्याच्यासाठी दुसरा आधार आहे. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका गावतळ्याच्या दाव्यात निकाल दिला की गावाच्या सामाईक जागा गावाच्याच आहेत. त्यांवरची अतिक्रमणे काढण्याच्या योजना सर्व राज्यांनी कराव्यात. पण त्यासाठीही आधी कुठेतरी नोंद हवी: येथे तळे आहे.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला आता असे सुचते. पाणी कोणाचे, हे कायदा शेवटी ठरवील; पण पाणी आहे, हे सांगणे गावाचे काम आहे. सरकारचा परवाना म्हणजे दगडी सांडव्यासारखा. मागे भिंत असेल तर तो पाण्याला वाट दाखवितो. भिंतच नसेल तर सांडवा कोरडाच उभा राहायचा. गावाची नोंद ही ती भिंत.

म्हणून मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून मी मुलांना पाढे दिले नाहीत. दोरी आणि वही दिली. गावशिवारातले प्रत्येक पाणी शोधायचे, दोरीने मोजायचे, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते ते म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहायचे. मला तीन-चार जागा ठाऊक होत्या; मुलांनी नऊ आणल्या. एकीचे नाव कोणालाच माहीत नव्हते, तर मुलांनी तिला 'टिटवीचे पाणी' असे नाव दिले. वहीत मी 'मालक' असा एक रकाना आखला होता. नळदुर्गाला प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीने तो खोडून 'कोण कोण येतं' असे केले होते, आणि खाली लिहिले होते: म्हशी, धनगराची मेंढरं, बगळे, चुलती धुणं धुवायला, आणि मी. ती वही आम्ही ग्रामसभेत वाचून दाखविली. आधी हसू झाले. मग तात्यांनी उठून सांगितले की दोन जागा राहिल्या, त्याही घाला. ठरावाच्या पुस्तकात आता अकरा नावे आहेत.

यंदाच्या भाऊबीजेला आपल्याकडे पाहुणे येतील. फराळ झाला की त्यांना घेऊन शिवारात एक फेरी मारा. जिथे पाय ओला होईल तिथे थांबा आणि त्या जागेचे नाव विचारा. नाव असेल तर लिहून घ्या. नसेल तर बरोबरच्या मुलांना ठेवू द्या.